नाद खुळा, पण हळू आवाजात

शब्द नाहीत, ठेका नाही, सुरू कधी झालं आणि संपलं कधी तेही धड कळत नाही, असलं संगीत मी पहिल्यांदा घरात स्पीकरवर लावलं तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली. फ्रीजला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "कॉम्प्रेसर गेला वाटतं रं." मी गुपचूप स्पीकर बंद केला. "थांबला बघ आता," असं म्हणून ती आत गेली.

कोल्हापूर हे नादाचं गाव. इथं 'नाद' म्हणजे कानावर पडतो तो आणि माणसाला लागतो तोही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढं छातीत धडधड होईपर्यंत उभं राहणाऱ्यांचं हे गाव. इथंच अँबियंट, ड्रीम पॉप, ड्रोन असलं हळू, धुकट, अर्धवट झोपेतल्यासारखं संगीत ऐकणारे आम्ही आठेक जण आहोत. त्यातल्या चौघांना हा नाद मी लावला. असलं संगीत हुडकायचं कसं आणि दुसऱ्याच्या गळी न मारता त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, ते माझ्या चुकांसकट सांगतो.

आधी कान, मग गाणं

मी उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब बघतो. माझ्या टेबलाच्या खालच्या मजल्यावर सहा लेथ चालतात. संध्याकाळी बाहेर पडलो तरी कानात शिट्टी वाजत राहते. त्याच कानांनी लगेच हे ऐकायला बसलं तर काही म्हणता काही लागत नाही. गोंगाटातून आल्यावर तासभर तरी कानाला काही देऊ नका. जेवा, भांडी घासा, गप्प बसा.

मग फोनकडं वळा. बास बूस्ट, थ्रीडी साउंड, इक्वलायझर असलं जे काही चालू असेल ते बंद करा. या संगीताचा अर्धा जीव गाण्याच्या शेवटी विरत जाणाऱ्या सुरात असतो आणि वाढवलेला बास तो सूर गिळतो. शफल बंद. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद. गॅपलेस मात्र चालू ठेवा, कारण बऱ्याच अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची खाच पडली तरी ठेच लागते. महागडे हेडफोन लागत नाहीत. हजाराच्या आतले वायरचे इअरफोन पुरतात. एकाच डब्याचा ब्लूटूथ स्पीकर मात्र टाळा. डावा-उजवा आवाज एकात कोंबला की धुकं जातं आणि नुसती घरघर उरते. आईला फ्रीज ऐकू आला तो तेवढ्यासाठीच.

आवाज इतकाच ठेवा की खोलीतला पंखा ऐकू येत राहील. हे माझं खूळ नाही, या प्रकाराचा जन्मच तसा झालाय. १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड आणली होती. ती गेल्यावर त्यानं कशीबशी ती लावली आणि परत आडवा झाला. मग लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि एका बाजूचा स्पीकर तर मुकाच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता आणि हार्पचे मोठे सूर तेवढे पावसातून वर येत होते. संगीत खोलीतल्या इतर आवाजांत मिसळून ऐकता येतं, हे त्याला तिथं उमगलं. आपल्याकडं जुलैत पत्र्यावर जो पाऊस वाजतो त्याला अडथळा समजू नका. खिडकी उघडी ठेवा.

चार नावं पाठ असू द्या

हुडकताना नावं उपयोगी पडतात, म्हणून थोडक्यात सांगतो. अँबियंट म्हणजे लक्ष दिलं तर रस आणि नाही दिलं तरी त्रास नाही, असं वातावरणासारखं संगीत. ड्रोन म्हणजे एकच सूर धरून त्याच्या पोटातल्या हालचाली ऐकणं. ड्रीम पॉपमध्ये गाणं असतं, गायिका असते, पण सगळं जणू वाफाळलेल्या काचेपलीकडून येतं. शूगेझ हे त्याचंच जाडजूड भावंड, गिटारच्या आवाजाची भिंत. वादक पायाजवळच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडं बघत मान खाली घालून वाजवायचे, म्हणून 'बुटाकडं बघणारे' असं चिडवायला ठेवलेलं ते नाव. एवढी नावं शोधखिडकीत टाकायला पुरेत. त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पहिलं दार

नवख्याला मी एकदम दहा अल्बम देत नाही. दोन देतो.

पहिला ईनोचा १९७८ चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. त्यातला दुसरा तुकडा नुसत्या गळ्याच्या आवाजांचा आहे. एकेक सूर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर उतरवलाय आणि ती वेटोळी आपापल्या गतीनं फिरत राहतात. सिग्नलला शेजारी उभ्या दोन रिक्षांचे इंडिकेटर बघा. आधी एकदम लुकलुकतात, मग हळूहळू मागंपुढं होतात आणि थोड्या वेळानं परत जुळतात. इथं लांब्या अशा आहेत की परत जुळणी व्हायला ऐकणाऱ्याचं आयुष्य पुरायचं नाही. त्यामुळं तेच सूर असून प्रत्येक वेळी बांधणी नवी. हे कळल्यावर मी तो तुकडा सलग तीनदा ऐकला होता.

दुसरा जपानी. हिरोशी योशिमुरा यांचा १९८२ चा 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स'. इलेक्ट्रिक पियानोचे मोजके, मऊ सूर. टोकियोतल्या हारा संग्रहालयात हे वाजायचं. बिचकणाऱ्या माणसाला हाच आधी द्या. यात चाल सापडते, गुणगुणताही येते.

शास्त्रीय संगीताची गोडी असलेल्या माणसाला मात्र मी यातलं काहीच देत नाही. त्याला मी मिरजेची आठवण करून देतो. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात एकदा तंबोऱ्याची जवारी लावताना बघा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कारागिराचं काम तेच आहे. मांडीवर भोपळा, घोडीवर म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर चार तारा. तो प्रत्येक तारेखाली एक बारीक धागा सरकवतो. आधी तार नुसती टण्ण करते. धागा केसभर पुढं, केसभर मागं होतो आणि एका जागी तार अचानक उमलते. एका सुरात पाच-सहा सूर गुंजायला लागतात. तार रुंद घोडीला जाता जाता चाटते आणि त्यामुळं सुराच्या पोटातले वरचे स्वर मोकळे होतात. कोल्हापूरच्या देवल क्लब या गायनसंस्थेत गायक यायच्या आधी नुसते तंबोरे जुळत असतात, ती दहा मिनिटं ज्याला आवडतात त्याला ड्रोन संगीत शिकवावं लागत नाही. तो आधीच त्यात आहे, फक्त त्याला नाव माहीत नाही.

आपल्या देशाचाही यात जुना हात आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला होता. तिथं १९७२ पर्यंत झालेले प्रयोग टेपांवर पडून राहिले आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' या नावानं बाहेर आले. ऐकायला खडबडीत आहेत, पहिल्याच आठवड्यात नकोत. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा २०१६ चा 'ओशन' गोड आहे. ड्रीम पॉपची सुरुवात करायला उत्तम.

धागा पकडायचा

इथून पुढं बहुतेक जण ॲपच्या शिफारशीवर भिस्त ठेवतात आणि फसतात. झोपेच्या, अभ्यासाच्या, ध्यानाच्या तयार प्लेलिस्टमध्ये दोन-अडीच मिनिटांचे एका साच्यातले तुकडे भरलेले असतात. त्यामागं व्यवहार आहे. स्पॉटिफायसारख्या सेवांवर तीस सेकंद ऐकलं की एक 'प्ले' मोजला जातो. वीस मिनिटांचा तुकडा पूर्ण ऐकला तरी मोजणीत तो एकच. म्हणजे लांब, संथ काम करणाऱ्याचं तिथं नुकसान आणि कापून विकणाऱ्याचा फायदा. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार प्ले न झालेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. कलाकार खरा आहे का ते असं तपासा: त्याचा सबंध अल्बम आहे का, कुणाबरोबर वाजवलंय का, कुठं तरी मुलाखत, कार्यक्रम, लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी आहे का. यातलं एकही नसेल आणि गाणी मात्र दोनशे असतील तर पुढं चला.

शिफारशीऐवजी श्रेयनामावली वाचा. वाद्य कुणी वाजवलं, ध्वनिमुद्रण कुणी केलं, लेबल कुठलं. माझा स्वतःचा प्रवास सांगतो. सुरुवात स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्सपासून झाली. त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर असे शब्द गाते की पुष्कळदा त्यांना अर्थच नसतो आणि तरी तुम्ही गहिवरता. त्यांचं लेबल फोरएडी. त्या लेबलची ऐंशीच्या दशकातली यादी उघडली तर १९८६ चा एक अल्बम दिसला, 'द मून अँड द मेलडीज'. त्यावर त्यांच्याबरोबर एक अनोळखी नाव होतं, हॅरॉल्ड बड. हा बड पियानो असा वाजवतो की बोट उचलल्यावरच खरा सूर सुरू होतो. बडच्या मागं गेलो तर १९८० चा अल्बम हाती लागला, जोडीला ईनो. ईनोच्या त्याच 'अँबियंट' नावाच्या मालिकेत पुढचा अल्बम लाराजी या माणसाचा. हा न्यूयॉर्कच्या एका बागेत झिथर हे तंतुवाद्य वाजवत बसायचा आणि ईनोनं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकून त्याला बोलावलं होतं. चार उड्यांत मी गाण्यांकडून बिनगाण्याच्या संगीतात आलो, तेही एकाही प्लेलिस्टशिवाय. दुसऱ्या बाजूनं आलात तरी गाठ तिथंच पडते. स्लोडाइव्ह या शूगेझ बँडच्या १९९३ च्या 'सुव्लाकी' अल्बमवर दोन गाण्यांत ईनोचा हात आहे.

आजच्या कलाकारांसाठी बँडकॅम्प, म्हणजे कलाकाराकडून थेट अल्बम विकत घ्यायची वेबसाइट. तिथली खरी खाण म्हणजे अल्बमखाली दिसणारे खरेदीदारांचे छोटे फोटो. ज्या अल्बमवर जीव जडलाय, तो विकत घेणाऱ्या एखाद्यावर क्लिक करा. त्याचा सगळा संग्रह उघडतो. तुमचे तीन-चार आवडते अल्बम त्याच्याकडं असतील तर उरलेले तुमच्याच कामाचे. मी अशा पाच अनोळखी माणसांना फॉलो करतो. त्यातला एक बहुधा शेतकरी असावा, कारण तो सुगीच्या महिन्यात काहीच विकत घेत नाही. हा आपला माझा अंदाज!

तिथं बरेच अल्बम ऐकायला फुकट असतात आणि काहींची किंमत आपण ठरवायची असते. घेताना कार्ड नाकारलं तर घाबरू नका. आपल्या बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा हजार रुपये ठेवा, खरेदी झाली की परत बंद करा. काही शुक्रवार असे असतात की बँडकॅम्प आपला वाटा सोडतं आणि पैसे कलाकाराकडं जातात. मी महिनाभर यादी साठवतो आणि अशा शुक्रवारी एकच घेतो.

रेडिओचा धागा सोपा. सोमाएफएम या इंटरनेट रेडिओचं 'ड्रोन झोन' श्रोत्यांच्या देणगीवर चालतं आणि त्यावर जाहिराती नाहीत. लंडनच्या एनटीएस या इंटरनेट रेडिओवर जुन्या कार्यक्रमांखाली गाण्यांची यादी मिळते. आवडलेल्या जागेची वेळ टिपून ठेवली की नाव हुडकता येतं. फोनला ऐकवून गाणं ओळखायची युक्ती या संगीतावर फारशी चालत नाही. ठळक खुणाच नाहीत तर ते बिचारं धरणार काय?

वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधल्या नोंदी परत कुणी उघडत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी: "योशिमुरा, तिसरा तुकडा. पहाटे साडेपाच, रंकाळा, खणीकडची बाजू. धुकं नाही, शेवाळाचा वास. बदक आणि पियानो एकाच सुरात." तारीख, वेळ, जागा आणि काय झालं, इतकंच. तारे देऊ नका. पन्हाळ्यावर श्रावणातल्या ढगात जे अंगावर आलं ते मे महिन्यात दुपारी कोरडं लागतं आणि त्यात अल्बमचा दोष नसतो. वही भरली की तुमचं तुम्हालाच कळतं, कुठल्या वेळेला काय लागू पडतं. पुढच्या पायरीला हीच वही लागते.

दुसऱ्याला देताना

माझी चूक आधी. तीन वर्षांपूर्वी मी बेचाळीस गाण्यांची प्लेलिस्ट करून तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "मन शांत करणारं संगीत, नक्की ऐका." पाच अंगठे आले. एकानं विचारलं, "भावा, गाणं कधी सुरू व्हायचं?" दुसरा म्हणाला, "माझंच नेट स्लो हाय का सगळ्यांचं?" तिसऱ्यानं खाली 'शुभ सकाळ' टाकली आणि विषय संपला.

ग्रुपवर टाकलेलं कुणालाच दिलेलं नसतं. एक माणूस, एक गाणं, एक वेळ. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून सोन्याच्या मुलाम्याची तबकडी अवकाशात गेली. तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. सबंध भारतातर्फे ताऱ्यांना द्यायला एक गाणं पुरलं. आपण तालमीतल्या पोराला बेचाळीस देतो.

आता मी निरोप असा लिहितो: "आज जेवण झाल्यावर दिवा बंद करून ऐक. पहिली दोन मिनिटं काही होत नाही. चौथ्या मिनिटाला काय होतंय ते मला सांग." त्यात 'शांत', 'गहन', 'दैवी' असले शब्द नाहीत. काय वाटायला पाहिजे ते आधीच सांगितलं की माणूस तेच तपासत बसतो. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, त्यामुळं चार मिनिटं तरी तो थांबतो.

माणूस बघून द्या. आमच्या वर्कशॉपमधला टर्नर हेवी मेटल हे दणदणीत रॉक संगीत ऐकतो, त्याला पियानो देऊन उपयोग नव्हता. त्याला आइसलँडच्या सिगुर रोसचा २००२ चा तो अल्बम दिला, ज्याला नाव म्हणून दोन रिकामे कंस आहेत. त्यांचा गायक चेलोच्या गजानं गिटार घासतो आणि सबंध अल्बम अर्थ नसलेल्या बोलीत गातो. दुसऱ्या दिवशी टर्नर म्हणाला, "शेवटच्या गाण्यात लेथ सुटल्यासारखं हुतंय की." यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. भजनी मंडळातल्या काकांना लाराजी दिला. त्यांनी दोन मिनिटांत सूर धरला आणि त्यावर स्वतःच अभंग म्हणायला लागले. हा अपमान नाही, ऐकण्याचीच एक तऱ्हा आहे. आईला मी कधीच काही 'दिलं' नाही. ती पावटा सोलत असताना शेजारच्या खोलीत, दोन स्पीकरवर, अगदी बारीक लावत राहिलो. महिन्याभरानं तीच म्हणाली, "ते फ्रीजचं लाव की."

विकत घेतलेली फाइल मात्र फिरवू नका. दुवा द्या, नाहीतर बँडकॅम्पवरून अल्बम भेट म्हणून पाठवता येतो. वाढदिवसाला केकपेक्षा स्वस्त पडतो.

गच्चीवरची बैठक

चार-पाच जण झाले की बैठक भरवा. आमची शिवाजी पेठेतल्या गच्चीवर होते, दीड-दोन महिन्यांतून एकदा. सहापेक्षा जास्त माणसं नकोत. अल्बम एकच, चाळीस मिनिटांचा. निवड दर वेळी वेगळ्यानं करायची आणि कारण आधी सांगायचं नाही.

स्पीकर दोन, वायरचे. आम्ही जुने बुकशेल्फ स्पीकर घेतलेत. जमिनीवर ठेवू नका, आवाज फुगतो. विटांवर पाट टाकून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. दोन स्पीकर आणि मधला श्रोता यांच्यात समभुज त्रिकोण झाला पाहिजे. बाकीचे त्या श्रोत्याच्या मागं, आणि मधली जागा नव्या माणसाची. रात्री दहानंतर निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. आपला आवाज त्याच्याही खाली असावा. शेजारच्या काकूंना ऐकू आलं तर आपण मोठ्यानं लावलंय असं समजायचं.

फोन परातीत जमा. फक्त वाजवणारा फोन बाहेर, तोही विमान मोडवर. एकदा ऐन विरत्या सुरात कर्जाच्या जाहिरातीचा फोन आला होता, तेव्हापासून हा नियम. इन्व्हर्टर बघून ठेवा. भडंग अल्बम संपल्यावर. हे मी हसत लिहीत नाहीये, सहा माणसांच्या दातांखालची भडंग कुठल्याही ड्रोनला भारी पडते.

संपल्यावर लगेच बोलू नका. चहा ओतेपर्यंत गप्प बसा. मग प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, कुठं लक्ष गेलं ते. एकानं मागं सांगितलं की त्याचं लक्ष सगळा वेळ दूरच्या रेल्वेच्या भोंग्याकडं होतं आणि तो अल्बममधलाच आहे असं त्याला वाटलं. त्या रात्री तो अल्बम आम्ही परत लावला, भोंग्याशिवाय. कमी पडला.

पुढची बैठक जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी ठरलीय. गच्चीवर जमायचं नाही, म्हणून जिन्याखालच्या खोलीत, पत्र्याच्या आवाजासकट. अल्बम टर्नर निवडणार आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली तर बैठक आठवडाभर पुढं, कारण मग सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडं असतं.